वुई

पावणेसातला सातपूरच्या कंपनीबस वळणावर कण्हतात,
मी रिंगलाइट लावते.
चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पांढरी बांगडी उमटते.
मागे पडदा, निळा, साधा.
कंपनीला भिंतीवरचं कॅलेंडर चालत नाही,
त्यावर दुधाचे खाडे असतात.

थुई हायफाँगहून येते.
येते म्हणजे आधी कपाळ येतं,
मग आवाज, मग सावकाश हनुवटी.
बुटांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून,
तिच्याकडे सव्वाआठ,
केसांना अजून रबराचा वास असणार,
हे आपलं मी धरून चालते.

गुड मॉर्निंग, टीचर शालाका.
शलाका, मी म्हणते.
शालाका.
बरं.

उन्हाळ्यात ती आयर्लंडला जाणार, अळंबीच्या शेडमध्ये.
मुलाखतीला आठ आठवडे,
आणि तिच्या शब्दांची शेवटची अक्षरं गळतात,
अवकाळीनंतर पिंपळगावकडे मणीगळ होते तशी.
राइसचं राय, हाऊसचं हाऊ.
मी खाली वाकून एकेक उचलते
आणि देठाला परत लावते.

समोर कोण बसलंय, तिला काय ठाऊक.
देवळ्याच्या शाळेत मला एबीसीडी पाचवीत भेटली.
खैरनार सर व्ही आणि डब्ल्यू
एकाच व मध्ये उरकायचे,
आणि आमचं काही अडायचं नाही.
चाळिशीत आरशापुढे शिकले:
व्हीला खालचा ओठ दाताखाली,
डब्ल्यूला चंबू.
मुलगी म्हणाली, आई, तू मासा झालीयेस.
तोच चंबू आता तासाला दोनशे ऐंशी रुपये.

सव्वासातला घंटागाडी, गाण्यासकट.
थुईचे डोळे उघडतात. फेस्टिव्हल?
नो. गार्बेज.
ती वहीत लिहून घेते.
काय लिहिलं असेल कोण जाणे.

आज सर्वनामं होती.
आय, यू, वुई. दहा मिनिटांचं काम.
ती वुईपाशी अडली, पेन ओठाला लावून.
टीचर, वुई... यू इनसाइड?
ऑर यू आउटसाइड?

मी म्हणाले, इंग्रजीत एकच असतं,
आतल्याला आणि बाहेरच्याला.
दोन खोल्यांतून एका खोलीत
बिऱ्हाड हलवायला सांगावं
तसा तिचा चेहरा झाला.
आमच्यात दोन, ती म्हणाली.
चुंग ता, यू इनसाइड.
चुंग तोय, यू नो.

कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका.
नियम सातवा: वर्गात फक्त इंग्रजी.
आणि मी बोलून गेले,
आमच्यातही.
आम्ही. आपण.

लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या,
आम्ही उद्या वणीला जातोय.
मी साडी काढून ठेवली होती, मोरपंखी.
ती परत कपाटात ठेवली.
एवढं व्याकरण कुणाला शिकवावं लागत नाही.
हे थुईला सांगण्याइतकं इंग्रजी मला येतं.
वेळ मात्र चारच मिनिटं उरली होती.

आपन, ती म्हणाली.
ण काही जमेना.
आमच्या अर्ध्या तालुक्याला जमत नाही, जाऊ दे.
आपन, आपन, असं चारदा,
आणि आठ आठवड्यांत पहिल्यांदा
तिने शेवटचं अक्षर गाळलं नाही.

मग चित्र गोठलं, तोंड अर्धवट उघडं.
मग काळा चौकोन.
मग माझाच चेहरा, दोन बांगड्यांसकट.

साडेसातला अभिप्राय आला.
तारे किती, आवाज स्पष्ट होता का,
असले तीन प्रश्न मी सोडून दिले.
प्रश्न चौथा:
शिक्षिकेने इंग्रजीखेरीज
दुसरी भाषा वापरली का?

थुईने लिहिलं होतं,
नो. वुई ओन्ली इंग्लिश.

क्रियापद नव्हतं.
मी दुरुस्त केलं नाही.